अतिश्रीमंत माणसं दान का करतात, आणि ते आपण विचारावं का?

वैशाखवणवा (मूळ धागा)

2025 च्या मे महिन्यात बिल गेट्स यांनी जाहीर केलं की पुढच्या वीस वर्षांत आपली जवळपास सगळी संपत्ती वाटून टाकणार आणि 31 डिसेंबर 2045 ला त्यांचं फाउंडेशन बंद होणार. या काळात 200 अब्ज डॉलरहून जास्त खर्च करायचा बेत आहे. तेव्हापासून आमच्या मित्रमंडळींत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, माणूस एवढं देतोय, हात जोडा आणि गप्प बसा. दुसरा म्हणतो, कर वाचवायचा, नाव धुऊन घ्यायचं आणि देशोदेशीच्या सरकारांना आपलं ऐकायला लावायचं, हा सगळा त्याचा खटाटोप.

मला दोन्हींनी समाधान होत नाही. मी पुण्यात वाढलो. ससून रुग्णालय डेव्हिड ससूनच्या देणगीतून उभं राहिलं. बंडगार्डनचा जुना बंधारा बांधायला मोठी रक्कम दिली सर जमशेटजी जीजीभाईंनी. दोघांच्याही संपत्तीचा मोठा भाग चीनला अफू विकून आलेला. ससूनमध्ये बऱ्या झालेल्या बाईला त्या अफूशी काही देणंघेणं नाही, हे मला पटतं. पण कँटनमध्ये अफूने ज्याचं घर बसलं, त्याला पुण्यातल्या रुग्णालयाचा काय उपयोग? हा हिशेब मला मिटवता येत नाही.

माझं मत असं की हेतू विचारायचाच. फक्त तो दात्याच्या मनात शिरून कळत नाही, त्याच्या देण्याच्या पद्धतीतून कळतो. तुमचे अनुभव, वाचन, मतभेद, सगळं लिहा. शक्यतो नावानिशी उदाहरणं द्या, 'सगळे सारखेच' असं नको.

चिंगी

छान विषय. वाचनखूण साठवली. जुनीमुंबई काका आले की मजा येईल.

आबा_कोरेगावकर

हेतू विचारू नये असं माझं मत. भुकेल्याला भाकरी मिळाली की विषय संपला. भाकरी देणाऱ्याच्या मनात पुण्य होतं की मिरवणं, हे देव बघेल.

आमच्या सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्थेमुळे घराघरांत शिक्षण आलं. कर्मवीरांनी 1919 साली संस्था काढली तेव्हा बायाबापड्यांनी मूठ मूठ धान्य दिलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या मुठीमागे कुणी 'तू का देतेस' असं विचारलं नाही. मग श्रीमंतालाच का विचारायचं?

जुनीमुंबई

चिंगी, आलो :)

जमशेटजींबद्दल सविस्तर लिहितो, कारण या धाग्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा त्या एका माणसात सापडतो.

जन्म 1783 चा. आईबाप लहानपणीच गेले. सुरुवातीला जुन्या बाटल्यांचा धंदा केला म्हणून 'बाटलीवाला' हे नाव चिकटलं. चीनच्या फेऱ्यांमध्ये एकदा फ्रेंचांनी त्यांचं जहाज धरलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. पुढे त्याने जी जार्डिन-मॅथेसन कंपनी काढली, तिचे हिंदुस्थानातले सगळ्यात मोठे भागीदार जमशेटजी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची. 1842 साली पहिलं अफूयुद्ध संपलं. त्याच वर्षी जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली, तो मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. 1857 मध्ये वंशपरंपरागत बॅरोनेट झाले. त्याच्या आधी आणि नंतर जे. जे. रुग्णालय, कलाशाळा, धर्मशाळा, विहिरी, तलाव. यात राजदरबारी मान मिळवणं होतं का? होतंच. त्या काळात कंपनी सरकारच्या डोळ्यांत भरायचा तो एक खात्रीचा मार्ग होता.

पण आता माहीमचा बांध बघा. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी, पावसाळ्यात होड्या उलटायच्या. सरकार म्हणालं पैसे नाहीत. जमशेटजींच्या पत्नी अवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतःकडचे दिले, 1845 मध्ये रस्ता खुला झाला. त्यांची एक अट होती: या रस्त्यावर कधीही टोल घ्यायचा नाही. सरकारने पुढे लोकांकडून पैसे उकळू नयेत म्हणून आधीच बांधून घेतलं. पदवीसाठीच दिलं असतं तर ही अट घालायची गरज नव्हती. शिवडीपासून वरळीपर्यंत कुणालाही 'लेडी जमशेटजी रोड' सांगा, टॅक्सीवाला नेतो. बाईंनी काय अट घातली होती ते मात्र फार थोड्यांना ठाऊक.

प्रेमचंद रायचंद हा तिसराच नमुना. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत 1864 साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव. 1865 मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला, प्रेमचंद स्वतः बुडाले आणि त्यांच्यावर विसंबलेली असंख्य घरंही बुडाली. विद्यापीठाचे पैसे मात्र शाबूत राहिले आणि 1878 मध्ये मनोरा पुरा झाला. सट्ट्यातून आलेला पैसा सट्ट्यातच गेला असता, दिलेला तेवढा उरला.

पांथस्थ

अवाबाईंची अट माहीत नव्हती. रोज त्या रस्त्याने जातो. धन्यवाद काका.

लेखापाल

करांबद्दल थोडं स्पष्ट करतो, कारण 'कर वाचवायला दान करतात' हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतं आणि ते जसंच्या तसं खरं नाही.

भारतात आपण जिला 80जी म्हणतो ती आयकरातली वजावट बहुतेक धर्मादाय संस्थांसाठी निम्म्या रकमेची असते. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने 100 रुपये दिले, तर 50 ची वजावट, म्हणजे 15 रुपयांचा कर वाचला (अधिभार-उपकर धरून थोडा जास्त). खिशातून 85 गेलेच. शिवाय वजावटीला उत्पन्नाच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. त्यामुळे नुसत्या करासाठी कुणी दान करून श्रीमंत होत नाही.

खरी गोम ताब्यात आहे. अमेरिकेत एखाद्या संस्थापकाकडे कवडीमोलाने मिळालेले शेअर असतात. ते विकले तर भांडवली नफ्यावर कर. तेच स्वतःच्या फाउंडेशनला दिले तर तो कर नाही आणि वर वजावट. फाउंडेशनने दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे 5 टक्के खर्च करायचे, उरलेले 95 गुंतवलेले, आणि ते कुठे गुंतवायचे हे ठरवणाऱ्या मंडळात दाता आणि त्याची मुलंबाळं. पैसा कायद्याने त्याचा नाही, पण शब्द त्याचाच चालतो. म्हणून मी अशिलांच्या बाबतीतही एकच गोष्ट बघतो: दिल्यानंतर सही कुणाची लागते?

अजून एक फरक. अमेरिकेत मोठ्या वारशावर 40 टक्क्यांपर्यंत कर आहे. आपल्याकडे वारसा कर 1985 मध्ये गेला, संपत्ती करही 2015 पासून नाही. म्हणजे आपल्याकडच्या अब्जाधीशाला 'सरकारला देण्यापेक्षा संस्थेला देतो' हा धक्का कायद्याकडून बसतच नाही. तरीही जो मोठी रक्कम देतो, त्याच्या मागे कराशिवाय दुसरं काहीतरी असतं हे मानायला हवं.

स्पष्टवक्ता

लेखापाल, माहिती उत्तम, पण निष्कर्ष अगदी उलटा निघतो. वारसा कर नाही, संपत्ती कर नाही, म्हणजे समाजाला हक्काने मिळायला हवं होतं ते आता दात्याच्या मर्जीवर आलं. शाळा कुठे काढायची, कोणत्या रोगावर पैसे घालायचे हे लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवायचं की एका कुटुंबाने? भाकरी मिळाली की विषय संपला, असं आबा म्हणतात. दुसऱ्या रोगाचा रोगी, ज्याचा रोग दात्याला रस वाटण्याजोगा नाही, त्याने कुठे जायचं?

आणि कंपन्यांचं सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा खर्च? 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करणं बंधनकारक आहे. पैसा भागधारकांचा, सक्ती कायद्याची, आणि उद्घाटनाच्या पाटीवर नाव अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचं. याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

आबा_कोरेगावकर

स्पष्टवक्ता, तुमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर असतो का ते आधी बघून या, मग बोलू. कर घेऊन सगळं होत असतं तर कर्मवीरांना गावोगाव फिरावं लागलं नसतं.

स्पष्टवक्ता

आबा, राग नको. रयतच्या शाळांना पुढे शिक्षकांचे पगार कुठून मिळाले? सरकारी अनुदानातून. मूठभर धान्याने सुरुवात होते, चालवायला करच लागतो. मला दोन्ही हवेत. एकाच्या नावाखाली दुसरं टाळायला नको.

न्यूजर्सीकर

इकडचं जुनं उदाहरण: अँड्र्यू कार्नेगी. 1889 साली त्यांनी निबंध लिहून मांडलं की श्रीमंताने जिवंतपणीच संपत्ती समाजासाठी खर्च करावी, जो गडगंज मरतो तो बेअब्रू होऊन मरतो. त्याच निबंधात मृत्यूनंतरच्या संपत्तीवर जबर कर असावा असंही म्हटलंय, हे आज त्यांचं नाव घेणारे बरेच जण सांगत नाहीत.

तीन वर्षांनी, 1892 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेडच्या त्यांच्या पोलाद कारखान्यात मजुरी कपातीवरून संप झाला. व्यवस्थापक फ्रिक यांनी पिंकर्टनचे तीनशे खाजगी शिपाई नदीतून आणले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची मिळून दहाच्या आसपास माणसं मेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये. संघटना मोडली, बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू राहिल्या. 1898 मध्ये त्याच होमस्टेडला कार्नेगींनी देखणं ग्रंथालय बांधून दिलं, आत पोहण्याचा तलाव, संगीतगृह. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस तिथे पुस्तक वाचायला कधी जाणार? काही गावांत कामगार संघटनांनी त्यांची ग्रंथालयं घ्यायला विरोध केला तो यामुळेच.

1901 मध्ये कंपनी 48 कोटी डॉलरला विकली आणि 1919 मध्ये वारेपर्यंत सुमारे 35 कोटी वाटून टाकले. जगभर अडीच हजारांच्या आसपास ग्रंथालयं. माझी मुलगी अशाच एका ग्रंथालयात वाचायला शिकली, म्हणून त्यांना नुसतं ढोंगी म्हणताना माझी जीभ अडखळते. पण मजुरी वाढवली असती तर तोच पैसा कामगारांच्या हातात गेला असता, आणि त्याचं काय करायचं हे त्यांनी ठरवलं असतं. कार्नेगींना ते मान्य नव्हतं, त्यांनी ते उघड लिहिलंय. गरिबापेक्षा आपण त्याचा पैसा चांगला खर्च करू असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. मला भीती वाटते ती ढोंगापेक्षा या विश्वासाची.

वैशाखवणवा

न्यूजर्सीकर, शेवटचं वाक्य नेमकं. ही वृत्ती आजही दिसते. अमेरिकेतल्या सॅकलर कुटुंबाबद्दलही लिहाल का?

न्यूजर्सीकर

थोडक्यात लिहितो. त्यांच्या पर्ड्यू कंपनीने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक आणलं आणि व्यसनाचा धोका कमी सांगून जोरात खपवलं. दुसरीकडे जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या दालनांवर त्यांचं नाव. व्यसनातून बाहेर पडलेल्या छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांनी संग्रहालयांतच निदर्शनं केली. 2019 मध्ये लूव्रने आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने दालनांवरचं नाव काढलं. आमच्या भागात या गोळ्यांनी गेलेली तरुण मुलं मी पाहिलीत. तिथे 'हेतू विचारू नका' असं कुणाच्या आईला सांगून बघा.

आबा_कोरेगावकर

हे वाचून वाईट वाटलं. पोरांच्या जिवावर कमावलेल्याचं नाव भिंतीवर नकोच.

खानदेशी

आमच्या अमळनेरचा उल्लेख अजून कसा आला नाही! 1945 साली महंमद हाशिम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढची विप्रो. 1966 मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमध्ये शिकत होते, अर्ध्यावर परत आले. अमळनेरच्या कितीतरी घरांत विप्रोचे जुने शेअर जपून ठेवलेत, लेकीचं लग्न नाहीतर नवं घर त्यावर झालं असं सांगणारे म्हातारे गावात भेटतील.

2013 मध्ये गेट्स-बफेट यांच्या 'गिव्हिंग प्लेज'वर, म्हणजे संपत्तीचा मोठा भाग दान करण्याच्या जाहीर प्रतिज्ञेवर, सही करणारे प्रेमजी पहिले भारतीय. 2019 च्या मार्चमध्ये त्यांनी आणखी 34 टक्के शेअरचं उत्पन्न फाउंडेशनला दिलं, एकूण 67 टक्के झालं. आई डॉ. गुलबानू यांनी मुंबईत हाजीअलीला अपंग मुलांसाठी रुग्णालय उभं करण्यात आयुष्य घातलं, त्याचा परिणाम त्यांनी स्वतः सांगितलाय, आणि गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचाही. पैसा जातो कुठे? सरकारी शाळांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात. स्वतःच्या नावाच्या चकचकीत शाळांची रांग उभी करणं सोपं होतं. सरकारी शाळेतला मास्तर चांगला शिकवू लागला याचं श्रेय कुणी दात्याला देत नाही. तेच काम त्यांनी उचललं, म्हणून मला त्यांचा हेतू खरा वाटतो.

अवांतर: अमळनेरचे प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीमालकाने तत्त्वज्ञानासाठी संस्था काढावी! त्यातून त्यांना काय मिळणार होतं? हौस आणि श्रद्धा, दुसरं काही सापडत नाही.

चिंगी

शाळांवरून आठवलं. आमच्या वर्गातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एका मैत्रिणीच्या आजोबांचं नाव रंगवलेलं होतं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. उकडायला लागलं की बाई तिला म्हणायच्या, "जरा तुझ्या आजोबांना चालू कर गं." पंखा सुरू झाला की नाव दिसेनासं व्हायचं.

पांथस्थ

चिंगी, हसून पुरेवाट :))) आमच्या देवळात प्रत्येक पायरीवर नाव आहे. लहानपणी नाव तुडवायचं नाही म्हणून आम्ही उड्या मारत चढायचो.

जुनीमुंबई

नावाला मी इतकी नावं ठेवणार नाही. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळं, अन्नछत्रं उभारली. त्यासाठी त्यांच्या खासगीचा पैसा वापरला, दौलतीचा खजिना वेगळा. आज काशीला त्यांच्या नावाचा घाट आहे आणि तिथे हात जोडताना कुणाला खटकत नाही. नाव लागणं आणि नावासाठी करणं यात फरक आहे. पैसा कुणाचा हा प्रश्न त्या काळीही होता आणि बाईंनी तो चोख पाळला, हे मला मोठं वाटतं. स्पष्टवक्ता यांचा सीएसआरवरचा आक्षेप मुळात हाच ना?

स्पष्टवक्ता

अगदी हाच. काका, +1.

लेखापाल

नावाचा विषय निघाला म्हणून एक गंमतशीर तरतूद. धर्मादाय संस्थेला मिळालेली निनावी देणगी एका मर्यादेपुढे गेली की तिच्यावर 30 टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट आहे. म्हणजे देवळाच्या पेटीतलं गुप्तदान चालतं, अनाथाश्रमाला नाव न सांगता मोठी रक्कम दिली तर संस्थेलाच भुर्दंड. काळा पैसा रोखायला हा नियम आहे आणि त्याची गरजही आहे, पण दाता लोकांपुढे निनावी राहू शकतो, संस्थेच्या वहीत नाही, एवढं लक्षात ठेवा.

रेवा_न

मी नंदुरबार भागात एका छोट्या संस्थेत काम करते. कुपोषण आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांचं शिक्षण हे आमचं काम. देणाऱ्यांचा हेतू आम्हाला पहिल्याच बैठकीत कळतो, तो असा.

काही जण विचारतात, "आमचं नाव कुठे लागेल, मुलांचे फोटो मिळतील का?" एका मोठ्या कंपनीचे अधिकारी आले होते. आम्ही अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाला पैसे मागितले, त्यांना दप्तरं वाटायची होती. दप्तरं वर्षभरापूर्वी दुसऱ्या कंपनीने वाटलेली होती. शेवटी पुन्हा दप्तरंच वाटली गेली, पोरांना रांगेत उन्हात उभं करून. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

सीएसआरचा पैसा सगळ्यात जास्त महाराष्ट्रात येतो, पण कंपन्यांनी आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. कारखाने पुणे, मुंबई, ठाण्याला, म्हणून पैसाही तिकडे. धडगाव, अक्कलकुव्यात कोणता कारखाना? आणि कंपनीला स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा, ती दाखवून कित्येक अधिकारी आमच्या कार्यकर्त्यांचे पगारही कापायला बघतात. डोंगर चढून पाड्यावर जाणारी बाई हेच आमचं काम असतं, तिचा पगार हा 'वरखर्च' कसा?

आणि दुसऱ्या बाजूला एक वयस्कर जोडपं आहे, खूप श्रीमंत, नाव लिहिणार नाही. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला जिथे अडतं तिथे वापरा, वर्षाअखेर एक पत्र लिहा." पहिल्यांदा एका हिशेबनिसाचा आणि गाडीच्या दुरुस्तीचा खर्च त्यातून केला. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

वैशाखवणवा

रेवाताई, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मॅकेन्झी स्कॉट हेच मोठ्या प्रमाणावर करतात. 2019 च्या घटस्फोटानंतर ॲमेझॉनचे शेअर मिळाले, तेव्हापासून अब्जावधी डॉलर त्यांनी संस्थांना बिनशर्त दिलेत, कशावर खर्च करायचा ते संस्थेने ठरवायचं. मी वर म्हणालो होतो की हेतू पद्धतीतून कळतो, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

डॉ_परळ

थोडं थांबा. अट नसणं म्हणजेच शुद्ध हेतू, असं समीकरण करू नका. मी परळच्या केईएम रुग्णालयाची.

शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसा दिला तो ठाम अट घालून: इथे शिकवणारे आणि काम करणारे हिंदी डॉक्टरच हवेत. तेव्हा मोठ्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांना जायच्या, गुणी हिंदी डॉक्टर कायम दुय्यम. 1926 मध्ये परळला जीएस (गोरधनदास सुंदरदास) महाविद्यालय आणि केईएम सुरू झालं ते त्या अटीवर. दात्याने अट घातली नसती तर ते आणखी एक सरकारी रुग्णालय झालं असतं, वर बसलेले तेच साहेब. माहीमच्या रस्त्याचंही तेच, बाईंची अट होती म्हणून टोल नव्हता. मग अट वाईट कशी म्हणायची? अट कुणाच्या फायद्याची आहे ते बघायचं. जीएसची अट दात्याच्या कुटुंबासाठी नव्हती, ज्यांना दारात उभं केलं जात नव्हतं त्यांच्यासाठी होती.

आणि स्पष्टवक्ता यांना एक सांगायचंय. पोलिओच्या कामात मी फिरले आहे. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, 2014 मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. सरकार, रोटरी, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, गेट्स फाउंडेशन सगळे होते आणि घरोघर थेंब पाजणाऱ्या लाखो बाया होत्या. खाजगी पैसा नसता तर हे झालं नसतं असं मी म्हणणार नाही, उशीर मात्र झाला असता, आणि उशीर म्हणजे पांगळी झालेली मुलं.

स्पष्टवक्ता

डॉक्टर, अटीचा मुद्दा मान्य, तो मी इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता. पण पोलिओतच माझं दुखणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेला मिळणाऱ्या पैशात गेट्स फाउंडेशनचा वाटा कित्येक देशांपेक्षा मोठा आहे, आणि ऐच्छिक देणगी बहुतेक ठरावीक कामासाठीच असते. पोलिओला पैसा भरपूर, साध्या प्राथमिक आरोग्य केंद्राला ओढाताण. उद्या दात्याचं मन दुसरीकडे वळलं तर? निवडणुकीत त्याला कोण हरवणार?

डॉ_परळ

यावर माझ्याकडे उत्तर नाही. 2045 ला ते फाउंडेशन बंद होईल तेव्हा ती पोकळी कोण भरणार, ही आमच्या क्षेत्रातली खरी काळजी आहे.

पांथस्थ

देऊन टाकून बाजूला होण्याबद्दल: चक फीनी. विमानतळांवरच्या ड्यूटी फ्री दुकानांच्या साखळीचे एक संस्थापक. 1984 मध्ये गुपचूप आपल्या वाट्याची सगळी मालकी अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या आपणच काढलेल्या धर्मादाय संस्थेला दिली. गुप्तता राहावी म्हणून संस्था बर्म्युडात नोंदवली आणि त्यासाठी अमेरिकेतली करसवलतही सोडली. इमारतींवर नाव लावू दिलं नाही. 1997 मध्ये बाहेर फुटलं. सुमारे 8 अब्ज डॉलर वाटून 2020 मध्ये संस्था बंद केली, स्वतः भाड्याच्या घरात राहिले, 2023 मध्ये वारले. लेखापाल यांची सहीची कसोटी, कराची कसोटी, चिंगीची पंख्याची कसोटी, तिन्हीत पास.

खानदेशी

पण संस्था बंद करणं चांगलं की टाटांसारखी चालू ठेवणं? सर रतन टाटा ट्रस्ट 1919 पासून, दोराबजींचा 1932 पासून. टाटा सन्स या समूहाच्या मुख्य कंपनीचे 66 टक्के शेअर ट्रस्टांकडे. टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालय, टीआयएसएस ही समाजविज्ञानाची संस्था, टीआयएफआर ही विज्ञान संशोधनाची संस्था त्यातूनच. फीनींसारखं संपवलं असतं तर कॅन्सरच्या रुग्णांच्या पुढच्या पिढ्यांना काय मिळालं असतं?

लेखापाल

दोन्हीचे धोके वेगळे. कायमच्या ट्रस्टमध्ये शंभर वर्षांनी विश्वस्त कोण आणि कुणाला उत्तरदायी, हा प्रश्न राहतोच, उद्योगसमूहाची मालकी हातात असेल तर जास्तच. मुदतीच्या संस्थेत घाई होते. मी मुदतीच्या बाजूचा, कारण पुढच्या पिढीचे प्रश्न काय असतील ते आजच्या दात्याला ठाऊक नसतं.

डॉ_परळ

परळला रोज सकाळी टाटाच्या बाहेर फुटपाथवर बिहार, बंगालहून आलेली कुटुंबं बघते मी. मी कायमच्या बाजूची.

आबा_कोरेगावकर

सगळं वाचलं. माझं मत बदललं नाही, पण त्यात भर पडली. घेणाऱ्याने हेतू विचारू नये, त्याची गरज मोठी असते. तुम्हाआम्हाला मात्र विचारता येतं, कारण आपल्याला त्यातलं काही घ्यायचं नाही. वैशाखवणवा, तुमच्या ससूनच्या प्रश्नाचं काय? अफूचं काय?

वैशाखवणवा

आबा, विषय मूळ जागी आणलात. ससून पाडा असं कुणीच म्हणणार नाही. पण रुग्णालयाच्या इतिहासात दात्याचं नाव लिहितो तिथे पैसा कुठून आला तेही लिहावं, असं माझं ठाम मत झालंय. पुण्यातल्या मुलांना शाळेत डेव्हिड ससून, जमशेटजी हे 'दानशूर व्यापारी' म्हणून शिकवले जातात. अफूचा उल्लेख नसतो. माळव्यातल्या शेतकऱ्याचाही नसतो आणि चीनमधल्या गिऱ्हाइकाचाही. दिलेलं दान खोटं ठरत नाही त्याने, पण कँटनच्या त्या माणसाला निदान एक ओळ मिळते.

जुनीमुंबई

यात मी तुमच्या बाजूने. मात्र ती ओळ लिहिताना इंग्रज सरकारलाही सोडू नका. बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीचा, माळव्याच्या अफूवर परवान्याचा कर घेणारीही कंपनीच. व्यापाऱ्यांनी त्यातून निदान रुग्णालयं बांधली.

स्पष्टवक्ता

काका, हे मान्य. 'व्यापारी वाईट, सरकार चांगलं' असं माझं म्हणणं नव्हतंच.

चिंगी

रेवाताई, तुमच्या संस्थेला मदत करायची असेल तर कशी करावी? आम्ही काही अब्जाधीश नाही, शाळेच्या मैत्रिणींचा गट आहे.

रेवा_न

चिंगी, संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पण कुठल्याही छोट्या संस्थेला द्यायचं असेल तर वस्तू पाठवण्याआधी फोन करून विचारा, थोडी रक्कम द्या पण तीन वर्षं सलग द्या, आणि कशासाठी वापरायची ते त्यांना ठरवू द्या. आम्हाला या पावसाळ्याआधी दोन पाड्यांवर मुक्कामी राहील अशा एका कार्यकर्तीचा पगार हवा आहे.

चिंगी

व्यनि बघते. गटात विचारून उद्या रात्री कळवते.